परदेशाची वेस गावातच असते

बीड शहरातून प्रवासी रेल्वे सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. अहिल्यानगर–बीड–परळी हा मार्ग मंजूर झाला नव्वदच्या दशकात. परळीला गाडी पूर्वीपासून होती, पण जिल्ह्याच्या ठिकाणी रूळ पोचायला एक पिढी गेली. त्याच्या कितीतरी आधी बीडच्या मुख्य टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र सुरू झालं होतं. टपाल कार्यालयांतून पासपोर्टचे अर्ज स्वीकारण्याची केंद्र सरकारची योजना जानेवारी २०१७ची. त्याआधी एका पासपोर्टसाठी रात्रीची एसटी धरायची, सकाळी मोठ्या शहरात उतरायचं आणि एखादा कागद कमी निघाला की त्याच पावली परत फिरायचं, असा शिरस्ता होता. रेल्वेच्या आधी पासपोर्टचं केंद्र आलेल्या या जिल्ह्यातून परदेशी कोण जातं, का जातं आणि कुठे अडतं, हे नीट पाहायला हवं.

जाणारे साधारण चार वाटांनी जातात. पहिली वाट आखाताची. गवंडी, वेल्डर, सुतार, ड्रायव्हर, हॉटेलातला आचारी म्हणून दुबई, दोहा, रियाध, मस्कत गाठणाऱ्या तरुणांची. दुसरी हज आणि उमऱ्याची. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी इथली म्हातारी माणसं आयुष्यभराची पुंजी गाठीला बांधून निघतात. तिसरी वाट डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींची. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत सरकारी जागा थोडक्यात हुकली आणि खासगी कॉलेजचं शुल्क झेपणारं नसलं की किर्गिझस्तान, रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स अशी नावं घरात बोलली जाऊ लागतात. चौथी वाट पुण्यातून अमेरिकेला किंवा युरोपला गेलेल्या इंजिनिअर मुलांच्या आईवडिलांची.

परदेशी जाण्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाबाहेरची रांग येते. वांद्रे-कुर्ला संकुल, काचेची खिडकी, पलीकडे बसलेला गोरा अधिकारी. बीडच्या बहुतेक माणसांचं भवितव्य त्या खिडकीपाशी ठरत नाही. ते त्याआधी वीस-पंचवीस वर्षं ठरलेलं असतं. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत, जिल्हा परिषद शाळेच्या प्रवेश रजिस्टरात आणि दहावीच्या निकालात. परदेशाची वेस गावातच असते. जो ती ओलांडू शकत नाही, त्याच्या बाबतीत दूतावासाचा प्रश्नच उद्भवत नाही.

एक जूनला जन्मलेली माणसं

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात चाळिशी-पन्नाशीच्या माणसांची आधार कार्डं एकत्र करून पाहावीत. एक जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा दिसेल. चुलता एक जूनचा, त्याचा सोयरा एक जूनचा, शेजारचा एक जूनचा. शाळा जूनमध्ये भरायच्या. पोराला घेऊन बाप शाळेत यायचा. जन्म पोळ्याच्या आसपासचा की संक्रांतीनंतरचा, एवढंच त्याला आठवायचं. गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का पाहायचे आणि वयाचा हिशेब जुळेल अशी तारीख टाकायचे. ‘गुरुजींनी लावली तीच तारीख’ असं आजही घराघरात सांगतात. गावात त्यावाचून कुणाचं अडलं नाही. सोसायटीचं कर्ज मिळालं, मतदान झालं, लग्नं झाली.

अडतं ते पासपोर्टच्या अर्जापाशी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक जून, आधार कार्डावर नुसतंच जन्मवर्ष, पॅन कार्डावर तिसरीच तारीख. केंद्रातल्या पहिल्या खिडकीवर कागद तपासणारा कर्मचारी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि फरकावर बोट ठेवतो. आधी दुरुस्ती, मग अर्ज. आधारची दुरुस्ती करायला तालुक्याला, दाखल्याची दुरुस्ती करायला शाळेत आणि तिथून शिक्षणाधिकारी कार्यालयात. शाळा सोडून वीस वर्षं झालेल्या माणसाच्या दाखल्यात बदल करणं सोपं नसतं.

नावांचंही तसंच. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम. बाईचं लग्न झालं की मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत पहिलं नावही बदलतं. तिच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. डिसेंबर २०१६च्या बदलांनंतर पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्राची सक्ती उरली नाही, हे खरं. पण नवऱ्याकडे जायला व्हिसा मागितला की नातं सिद्ध करणारा कागद लागतोच आणि नोंदणी न केलेलं लग्न तिथे उघडं पडतं.

मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत नावं लिहिण्याची रीत आणखी वेगळी. मुलाच्या नावाआधी शेख आणि बापाच्या नावाआधीही शेख, अशी पूर्ण ओळ हजेरीपटावर असते. सय्यद, पठाण, खान यांचंही तसंच. पासपोर्टच्या अर्जात मात्र दोनच रकाने असतात, दिलेलं नाव आणि आडनाव. त्या लांब ओळीतलं काय कुठे टाकायचं हे अर्ज भरून देणारा कॅफेवाला ठरवतो. मोठ्या भावाच्या पासपोर्टवर शेख आडनावात गेलेलं असतं, धाकट्याच्या पासपोर्टवर सगळं नाव एकाच रकान्यात कोंबलेलं असतं आणि आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असतो. नोव्हेंबर २०२२मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्या प्रवाशांना पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाकारायचं जाहीर केलं. वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर असेल तर चालेल, असा खुलासा नंतर झाला. पण कोऱ्या रकान्याची किंमत काय असते, ते तेव्हा अनेक घरांना कळलं.

फडात जन्मलेल्याची नोंद कुठे?

बीडची म्हणून जी खास अडचण आहे, ती उसाच्या फडात सुरू होते. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज या तालुक्यांतली गावं रिकामी होऊ लागतात. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरवर संसार लादून सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूरकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पोटुशी बाईही कोयत्यावर असते. कुणी कोपीवर, म्हणजे फडावरच्या झोपडीत बाळंत होते, कुणी जवळच्या आरोग्य केंद्रात.

१९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. बाळ कर्नाटकातल्या एखाद्या खेड्याच्या शिवारात जन्मलं तर नोंद त्या खेड्याच्या हद्दीत व्हायला हवी. तिथलं कार्यालय अनोळखी, भाषा वेगळी आणि बापाचा एक दिवस बुडाला तर त्या दिवसाची तोड बुडते. हंगाम संपतो, टोळी गावी परतते, नोंद राहून जाते. गावच्या ग्रामसेवकाला मनातून वाटलं तरी तो ती नोंद आपल्या रजिस्टरात घेऊ शकत नाही, कारण जन्म त्याच्या हद्दीतला नसतो. रुग्णालयात जन्म झाला तरी नोंदीत नावाचा रकाना कोरा राहतो, कारण बारसं गावाकडे व्हायचं असतं. नाव पुढे घालता येतं, पण त्याला पंधरा वर्षांची मुदत आहे आणि त्यासाठीही त्याच गावाच्या कार्यालयात जावं लागतं.

आजवर ही उणीव शाळेच्या दाखल्यावर भागून जायची. यापुढे भागणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म प्रमाणपत्रच चालेल, असा बदल पासपोर्ट नियमांत फेब्रुवारी २०२५मध्ये झाला. त्याआधी जन्मलेल्यांना शाळेचा दाखला, पॅन, वाहन परवाना असे पर्याय आहेत. २०२३-२४च्या हंगामात कोपीवर जन्मलेल्या बाळाला एकही पर्याय नाही. ते मूल आज पाळण्यातून उतरून पळायला लागलं असेल. अठरा वर्षांनी त्याला जर्मनीत किंवा जपानमध्ये काम मिळालं, तर त्याचा रस्ता आजच्या एका न झालेल्या नोंदीपाशी अडेल. एक वर्ष उलटल्यानंतर नोंद करायची तर जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही.

पोलीस पडताळणीतही हाच हंगाम आडवा येतो. अर्ज दिवाळीआधी केला आणि हवालदार घरी आला डिसेंबरात, तर दाराला कुलूप. शेजारी म्हातारी आई आणि शेरडं. अर्जदार पत्त्यावर आढळला नाही, असा शेरा गेला की फाइल लोंबकळते. तिथे कुणी लबाडी केलेली नसते. वर्षातले सहा महिने ज्याचा पत्ताच बदलतो, अशा माणसाचा विचार या पद्धतीत केलेला नाही.

दहावीची रेघ

परदेशी रोजगाराच्या भारतीय कायद्यात एक रेघ ओढलेली आहे आणि बीडच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची बाब तीच आहे. १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली पासपोर्टचे दोन प्रकार पडतात. एकावर ‘ईसीआर’ असं छापलेलं असतं, म्हणजे नोकरीसाठी जाण्याआधी सरकारची परवानगी आवश्यक. दुसऱ्यावर काहीच छापलेलं नसतं, म्हणजे ही परवानगी लागत नाही. दहावी पास असेल तर दुसरा प्रकार मिळतो. आयकर भरणाऱ्यालाही मिळतो. पन्नाशी ओलांडलेल्यालाही मिळतो. बाकी बहुतेकांच्या वाट्याला पहिला येतो.

परवानगीची अट १८ देशांसाठी आहे. सौदी अरेबिया, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, जॉर्डन, इराक, लेबनॉन, सीरिया, येमेन, लिबिया, सुदान, दक्षिण सुदान, अफगाणिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड. हज-उमरा किंवा सहलीला जाताना ही अट नाही, फक्त नोकरीसाठी आहे. मागचा विचार चांगलाच आहे. कमी शिकलेला मजूर परमुलखात फसू नये, त्याचा करार सरकारने आधी पाहावा, पगार आणि राहण्याची सोय लिखित असावी, विमा उतरवलेला असावा. प्रवासी भारतीय विमा योजना याच मजुरांसाठी आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये आणि अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचं संरक्षण. सगळं काम आता ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून होतं.

पण ऊसतोड मजुरांच्या घरात ही रेघ कुठून जाते ते पाहा. पोरगं सातवी-आठवीत असतं. दिवाळीनंतर आईबाप निघाले की एक तर ते त्यांच्याबरोबर जातं, नाही तर म्हातारीपाशी राहतं. हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबांच्या नावाने सुरू झालेली सरकारी वसतिगृहं आहेत, साखर शाळांचे प्रयोग झाले. तरीही दरवर्षी काही पोरं वर्गातून निसटतात आणि सतरा-अठराव्या वर्षी स्वतःच कोयता धरतात. मुलींचं तर लग्न लावून आईबाप मोकळे होतात, कारण जोडप्याचा मिळून कोयता होतो आणि उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कमही जोडप्यालाच मिळते. बालविवाहाच्या बाबतीत बीडचं नाव राज्यात वर असण्याचं एक मोठं कारण इथे आहे.

अशा घरातला तरुण पंचविशीत आखाताचा विचार करतो, तेव्हा त्याच्या पासपोर्टवर ईसीआर येतं. आयकराची सवलत त्याच्या कामाची नसते. मजुरी हप्त्याहप्त्याने, रोखीने येते आणि उचलीत वळती होते, विवरणपत्र भरण्याची वेळच येत नाही. बापाची चार एकर कोरडवाहू असली तरी शेतीचं उत्पन्न करमुक्त, तेव्हा तिथेही कागद नाही. ईसीआर पासपोर्टवर नोकरीसाठी जायचं तर बाईला वयाची ३० वर्षं पूर्ण असावी लागतात. आठवीत शाळा सुटलेल्या, विशीत दोन लेकरांची आई झालेल्या बाईला हा रस्ता तिशीपर्यंत बंद राहतो.

१९८३च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०२५मध्ये मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात काय राहील, काय जाईल, त्यावर चर्चा व्हावी. बीडपुरता निष्कर्ष आजही स्पष्ट आहे. या जिल्ह्यात दहावीची गुणपत्रिका हाच अर्धा व्हिसा आहे.

उचल आणि एजंट

ऊसतोडीची घडी मुकादमावर बसलेली आहे. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता बांधला जातो. आखाताच्या धंद्यात पैसा उलट्या दिशेने जातो. इथे मजुरालाच आधी एजंटला पैसे द्यावे लागतात. ते उभे करायला तो पुन्हा मुकादमाकडे, सावकाराकडे किंवा बायकोच्या दागिन्यांकडे वळतो. म्हणजे एका उचलीतून सुटायला तो दुसरी उचल घेतो. परदेशी पोचल्यावर काम सांगितल्यासारखं निघालं नाही, तरी त्याला परत येता येत नाही. कर्ज इथे वाट पाहत असतं.

या व्यवहाराला कायद्याने मर्यादा घातलेली आहे आणि ती बीडमधल्या प्रत्येक घरात पाठ असायला हवी. नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. पावती द्यावी लागते. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर कुणालाही पाहता येतो. नोंदणी नसताना परदेशी नोकरीसाठी माणसं गोळा करणं हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. लाखांत पैसा फिरतो तिथे १९८३ साली ठरलेल्या दंडाची ही रक्कम कुणाला जरब बसवणार? नव्या कायद्याने निदान एवढी दुरुस्ती तरी करायला हवी.

फसवणुकीचा सगळ्यात रुळलेला प्रकार म्हणजे ‘आत्ता व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट करू’. ईसीआरची परवानगी चुकवायची म्हणून एजंट माणसाला पर्यटक म्हणून विमानात बसवतो. तो माणूस तिथे उतरतो तेव्हा सरकारच्या कुठल्याच नोंदीत मजूर म्हणून नसतो. करार नाही, विमा नाही. व्हिसाची मुदत संपली की दिवसागणिक दंड चढू लागतो आणि तक्रार करायला गेला तर तोच गुन्हेगार ठरतो. थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरचं काम आहे असं सांगून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमार, कंबोडिया, लाओस इथल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबल्याची प्रकरणं गेल्या काही वर्षांत उघडकीला आली, परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार इशारे दिले. रशियात मदतनिसाचं काम म्हणून नेलेले काही भारतीय थेट युद्धाच्या आघाडीवर पोचले, काही परत आलेच नाहीत. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून अमृतसरला परत पाठवलेल्या १०४ भारतीयांत तिघे महाराष्ट्रातले होते.

पोचल्यावर मालकाने पासपोर्ट काढून घेतला तर गप्प बसायचं कारण नाही. १९६७च्या पासपोर्ट कायद्याने पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, कुठल्याही मालकाला ती अडकवून ठेवण्याचा हक्क पोचत नाही. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल तक्रारीसाठी आहे.

मक्केची वाट

बीडहून परदेशी जाणारी सर्वांत जुनी वाट हजची. पूर्वी लोक मुंबईहून जहाजाने जायचे. जहाजाची ही यात्रा १९९५पर्यंत चालली, मग सगळा प्रवास विमानाने होऊ लागला. हज समितीमार्फत जाणाऱ्यांना त्या काळी पूर्ण पासपोर्ट लागत नसे. यात्रेपुरता ‘पिलग्रिम पास’ मिळे. सौदी सरकारने २००९च्या हजपासून प्रत्येक यात्रेकरूला आंतरराष्ट्रीय पासपोर्ट सक्तीचा केला. त्या वर्षी ज्यांनी कधी जन्मदाखला पाहिला नव्हता अशा सत्तरीच्या माणसांना तारखेचे आणि नावाचे पुरावे शोधत फिरावं लागलं. त्यांतल्या अनेकांचं बालपण निजामी राजवटीतलं, शाळेत गेले असलेच तर रजिस्टर उर्दूतलं.

त्या राजवटीचा एक धागा मक्केत अजून जिवंत आहे. हैदराबाद संस्थानच्या यात्रेकरूंसाठी निजामाच्या काळात तिथे रुबात, म्हणजे निवासस्थानं उभी राहिली. संस्थान १९४८ला भारतात विलीन झालं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला. पण रुबातमध्ये मोफत राहण्याचा हक्क जुन्या संस्थानच्या मुलखातल्या यात्रेकरूंना, म्हणजे तेलंगणाबरोबर मराठवाड्याच्या आणि कर्नाटकातल्या त्या जिल्ह्यांच्या लोकांना राहिला. अर्ज जास्त आले की सोडत निघते. बीडचा रहिवासी असल्याचा कागद तिथे उपयोगी पडतो. संस्थान संपून पाऊण शतक लोटलं तरी त्याची हद्द या एका दारावर अजून मोजली जाते.

आजची प्रवेशाची पथ्यं कडक आहेत आणि ती पाळण्यातच यात्रेकरूचं हित आहे. पासपोर्टची मुदत यात्रेनंतरही किमान सहा महिने शिल्लक असावी. मेंदूज्वराची लस टोचून घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. उमऱ्याच्या किंवा भेटीच्या व्हिसावर हज करता येत नाही. परवान्याविना हज करणाऱ्याला २०२५मध्ये २०,००० रियालपर्यंत दंड जाहीर झाला होता. ‘उमऱ्यावर नेतो आणि हज करून आणतो’ असं सांगणाऱ्याला पैसे देणं म्हणजे म्हाताऱ्या आईला परमुलखात कायद्याच्या कचाट्यात ढकलणं आहे. २०१८पासून ४५ वर्षांवरील स्त्रियांना मेहरमशिवाय, म्हणजे सोबतीला जवळचा पुरुष नातेवाईक नसताना, चौघींच्या वा अधिक जणींच्या गटात जायची मुभा मिळाली. विधवा, एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी हा मोठा बदल होता.

डॉक्टर होण्याची वाट

फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा मराठवाड्यातली कितीतरी घरं रात्रभर मोबाइलकडे डोळे लावून बसली होती. ‘ऑपरेशन गंगा’तून हजारो भारतीय विद्यार्थी पोलंड, रोमानिया, हंगेरीच्या सीमेवरून परत आले. सीमेपर्यंत पोचायचं दिव्य त्यांना स्वतः करावं लागलं. मे २०२४मध्ये किर्गिझस्तानच्या बिश्केक शहरात परदेशी विद्यार्थ्यांवर जमाव चालून गेला तेव्हा तीच घालमेल पुन्हा झाली.

या वाटेवर व्हिसा सहसा मिळतो आणि तिथेच पालकांची गफलत होते. विद्यार्थी व्हिसा मिळाला म्हणजे पदवी भारतात चालेल, असं मुळीच नाही. परदेशी जाऊन वैद्यकीय शिक्षण घ्यायलाही २०१८पासून नीट पात्रता आवश्यक आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि परतल्यावर भारतातली परीक्षा व इंटर्नशिप वेगळी. मधेच देश बदलला, ऑनलाइन शिकवलं, स्थानिक भाषेत शिकवलं, तर सहा वर्षं आणि विकलेली जमीन दोन्ही पाण्यात जातात. सल्ला केंद्राच्या माहितीपत्रकावर हे बारीक अक्षरातही नसतं. आयोगाच्या संकेतस्थळावर असतं आणि ते वाचायला पैसे पडत नाहीत.

सातबारा घेऊन मुलाखतीला

चौथी वाट अंबाजोगाईच्या निवृत्त मास्तरांची आणि गेवराईच्या बागायतदाराची. मुलगी अमेरिकेत बाळंत होणार, आईला बोलावलंय. अर्जाचा फॉर्म मुलीने तिकडून भरला, १८५ डॉलर भरले, मुंबईची तारीख मिळाली. हे पैसे व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाहीत. अमेरिकेचा कायदा असं धरून चालतो की येणारा माणूस तिथे कायमचा राहायलाच येतो आहे. तसं नाही, हे पटवून देण्याचा भार अर्जदारावर. आपल्या माणसाला हा संशय अपमानास्पद वाटतो. तो अपमान गिळून सरळ, खरी आणि थोडक्यात उत्तरं द्यावीत. किती दिवस राहणार, खर्च कोण करणार, परत येऊन काय करणार. पाठ केलेली उत्तरं अंगाशी येतात.

शेतकऱ्याची खरी गोची पैशाच्या कागदांत होते. युरोपातल्या २९ देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला ९० युरो शुल्क, ३०,००० युरोंचा प्रवास विमा, बँकेचे उतारे आणि शक्यतो आयकर विवरणपत्रं लागतात. राहता येतं कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. वीस एकर मोसंबी असलेल्या माणसाकडे विवरणपत्र नसतं, कारण शेतीवर कर नाही. पैसा आडतीकडे, सोन्यात, पतसंस्थेत आणि अलीकडे बुडालेल्या मल्टिस्टेट सोसायट्यांमध्ये अडकलेला. सातबारा आणि आठ-अ मराठीत, त्याचं भाषांतर आणि जमिनीच्या किमतीचा सनदी लेखापालाचा दाखला जोडावा लागतो. चार पैसे राखून असलेला शेतकरी कागदावर कंगाल दिसतो, पुण्यात भाड्याच्या घरात राहणारा नोकरदार सधन दिसतो. यावर उपाय एकच. प्रवासाचं ठरल्यावर महिनाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम टाकण्यापेक्षा पट्टीचे पैसे वर्षभर बँकेतूनच फिरवावेत आणि उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्र भरत राहावं.

आणखी दोन गोष्टी. अर्ज घेणारं केंद्र हे कागद पुढे पाठवणारं कार्यालय असतं, निर्णय दूतावासाचाच. हमखास व्हिसा मिळवून देतो म्हणणारा माणूस खोटं बोलतो आहे. आणि व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, खर्चाची सोय याबद्दल तिथल्या विमानतळावरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो आणि समाधान झालं नाही तर परतही पाठवू शकतो.

करण्यासारखं

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा बीडच्या तरुणांतही आशा जागली. अशा संधी पुढेही येतील. दुष्काळी जिल्ह्याला त्या घ्यायच्या असतील तर तयारी दूतावासाच्या रांगेत नव्हे, गावात करावी लागेल. जिल्हा प्रशासन, साखर कारखाने आणि कर्नाटकातली शेजारची प्रशासनं यांनी ठरवलं तर फडावर जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद हंगाम संपायच्या आत होऊ शकते. आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात जन्म असतोच, तो प्रमाणपत्रापर्यंत न्यायचा आहे. शाळांनी दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरण्याआधी प्रत्येक मुलाचं नाव आणि तारीख जन्मनोंदीशी व आधारशी ताडून पाहावी. त्यानंतर चूक सुधारायला वर्षं लागतात. ज्या महिन्यांत गाव भरलेलं असतं, त्या मे ते सप्टेंबरमध्ये पासपोर्टची शिबिरं तालुक्यांना भरवावीत, म्हणजे पडताळणीला आलेल्या हवालदाराला माणूस घरी सापडेल.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघण्याच्या तयारीत असतात. वाचकांपैकी कुणी शिक्षक असेल, ग्रामसेवक असेल, आशाताई असेल, मुकादम असेल, कारखान्याचा शेतकी अधिकारी असेल. गावातून जाणाऱ्या प्रत्येक पोटुशी बाईच्या घरी एवढं सांगा की बाळ जिथे होईल तिथल्या कार्यालयातून जन्माचा दाखला घेतल्याशिवाय परतू नका. आणि जे पोर यंदा नववी-दहावीत आहे, त्याला आईबापाबरोबर फडावर जाऊ देऊ नका.